गाडीखालचा तेलाचा डाग आणि लुकलुकणारा लाल दिवा: घरी काय काय करता येईल?

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०११ ची छोटी पेट्रोल गाडी आहे. एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. सोलापूरजवळच्या वळसंगच्या पुढच्या एका शाळेत रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी दारातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग दिसतोय. आधी रुपयाएवढा होता, आता बशीएवढा झालाय.

त्यात परवा कुंभारी ओलांडल्यावर डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकला. मी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. दहा मिनिटांनी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून पाहिली, तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. टो करून गाडी गॅरेजला नेली. तिथे बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल मिळाला: ऑइल पंप गेला, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन अर्धं उघडून दुरुस्ती) करावं लागेल, वीस हजार धरून चला. मी गाडी तशीच टो करून घरी आणली.

मी विज्ञान शिकवते. पाना धरायला घाबरत नाही. घरातला मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर मीच उघडते. पण गाडीत सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. तेल आणि दिवा या दोन वेगळ्या भानगडी की एकच? जाणकारांनी कृपया सांगावं.


गिरणीवाला

ताई, दिवा दिसताच गाडी बंद केलीत हे फार मोठं काम केलंत. "घर जवळच आहे" म्हणून लोक तशीच दामटतात आणि दहा मिनिटांत बेअरिंगं खाऊन बसतात. कारण सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका, एवढी विनंती.

मी सूतगिरणीत फिटर म्हणून २६ वर्षं काढली. तिथं एक गोष्ट पक्की कळली. तेल दिसतं तिथून ते सुटलेलं नसतं. ते वर कुठंतरी सुटतं, लोखंडाच्या अंगावरून वाट काढत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. गाडीत तर समोरून पंख्याचा आणि रस्त्याचा वारा, त्यामुळं ते मागंही ढकललं जातं. म्हणून खाली वाकून शोधू नका. वरून खाली, पुढून मागं असं शोधा.

आधी खात्री करा की ते इंजिन ऑइलच आहे. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका, चाकाच्या जागा पेन्सिलनं आखून ठेवा, म्हणजे थेंब कुठल्या भागाखाली आला ते कळेल. तपकिरी-काळं आणि बोटाला बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लालसर पातळ असेल तर बहुतेक पॉवर स्टीअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. फिकट पिवळं, पाण्यासारखं पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर ते ब्रेक ऑइल. तिथं थांबायचं आणि गाडी हलवायची नाही. मे महिन्यात एसी लावून आल्यावर डाव्या बाजूला नुसतं स्वच्छ पाणी पडत असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

आता इंजिन पूर्ण थंड असताना वरचा भाग रॉकेल किंवा डिग्रीझर लावलेल्या ब्रशनं साफ करा. नळीनं पाणी मारू नका, कनेक्टरात शिरतं. कापडानं कोरडं पुसा, रात्रभर बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ द्या, आणि ज्या जोडांचा संशय आहे तिथं लहान बाळाची पावडर भुरभुरवा. पांढऱ्यावर तेलाची रेघ लगेच उठते.


वायरिंगवाला

काकांशी सहमत. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, विजापूर रोडला छोटं दुकान आहे. दिव्याबद्दल बोलतो.

तो लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तेलाला दाब आहे की नाही ते सांगतो. इंजिनच्या ब्लॉकवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो, ऑइल प्रेशर स्विच. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो. दाब नसला की आतला कॉन्टॅक्ट बॉडीला अर्थ होतो आणि दिवा लागतो. इंजिन चालू झालं, दाब आला, पडदा उचलला, दिवा विझला. एवढंच.

हा पडदा उन्हाळ्यांनी कडक होऊन फाटतो. मग एका बाजूनं तेल स्विचच्या पोटातून वर कनेक्टरात येतं आणि बाहेर झिरपतं, दुसऱ्या बाजूनं कॉन्टॅक्ट वेडावाकडा लागतो आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच पार्टातून येऊ शकतात. येतीलच असं नाही, पण वीस हजाराच्या आधी हे बघणं भाग आहे.

इंजिन चालू न करता एवढं करा. चावी ऑन करा, दिवा लागला पाहिजे. आता स्विचवरचा एका वायरचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर वायर ठीक. कनेक्टर काढूनही दिवा जळतच राहिला तर वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय. आणि काढलेल्या कनेक्टरच्या आत बोट नाही तर टिश्यू पेपर घालून बघा. तिथं तेल असायचं काही कारण नाही.


जुनीमिल

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्याही गाडीला हाच आजार आहे असं वाटतंय.


मंद्रूपकर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. ऐकून, व्हिडिओ बघून गाडी उघडणारे मी बरेच पाहिलेत. आमच्या चुलतभावाने ब्रेकचं ऑइल गळतंय म्हणून स्वतःच पाइपचं नट आवळलं. पाइप गंजलेला होता, तो पिळला गेला. तेरा मैल नावाच्या ठिकाणच्या उतारावर पेडल जमिनीला टेकलं. समोर उसाची ट्रॉली होती. हँडब्रेक लावून आणि गिअर उतरवून कशीबशी थांबवली. त्या दिवसापासून घरात सगळ्यांनाच धडकी भरलीय. कुठवर हात घालायचा आणि कुठं थांबायचं, हे धाग्यात आधी ठरावं.


गिरणीवाला

मंद्रूपकर, बरोबर बोललात, उलट हे आधीच लिहायला हवं होतं. माझा नियम असा आहे. चूक झाली तर गाडी बंद पडेल, अशा कामात हात घालावा. चूक झाली तर गाडी थांबणार नाही किंवा पेट घेईल, अशा कामात घालू नये. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची लाइन, सीएनजीची किट, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, यांना घरी हात लावायचा नाही. पेट्रोलचा वास आला तर चावीसुद्धा फिरवायची नाही.

दुसरं म्हणजे जॅक. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नका. विटांचा ठोकळाही नको. वीट वजनानं अचानक फुटते, आधी तडकून सांगत नाही. लोखंडी घोडी (जॅक स्टँड) भाड्यानं मिळते, विकतही मिळते. मागच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये, जमीन सपाट. एवढं नसेल तर वरून जेवढं दिसतं तेवढंच काम करा. ताईंचं काम बहुतेक वरूनच होईल.


अक्कलकोटरोड

काका, दादा, खूप आभार. आज रविवार होता, सकाळी साडेसहाला ऊन चढायच्या आत बसले.

पुठ्ठ्यावरचे थेंब तपकिरी, इंजिनच्या पुढच्या बाजूच्या खाली. साफ करून पावडर टाकली. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेची पावडर पांढरीशुभ्र राहिली. मग वायर पकडत पकडत खाली गेले आणि तो स्विच सापडला, ऑइल फिल्टरच्या शेजारीच. कनेक्टरवरचं रबर मऊ पडून फुगलं होतं, ओढल्यावर चिकटून आलं. आत मोबाईलचा उजेड टाकला तर पितळी पात्याच्या बुडाशी तेलाचं छोटंसं तळं साचलेलं. टिश्यूची सुरळी करून आत घातली, काळीभोर होऊन बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा काळी. चार वेळा. तेल वायरीच्या आवरणाखालून पुढेही गेलंय, साधारण वीतभर.

चावी ऑन केल्यावर दिवा लागतो, कनेक्टर काढल्यावर विझतो. म्हणजे स्विचच ना?


वायरिंगवाला

हो ताई, स्विच गेलाय यात शंका नाही. पण दिवा लागला त्यामागं फक्त स्विचच होता, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पंप खरंच अशक्त असेल आणि आपण नवा स्विच लावून गाडी पळवली, तर वाईट होईल. म्हणून एक पायरी मध्ये घालू.

जुना स्विच काढल्यावर त्याच भोकात प्रेशर गेज लावता येतो. माझ्याकडे आहे, कुठल्याही चांगल्या गॅरेजात असतो. बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांत गरम झाल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण एक बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास आणि तीन हजार आरपीएमला तीन-चार बार दाब मिळाला तर पंप ठणठणीत आहे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मी मंगळवारी संध्याकाळी त्या बाजूला येणार आहे, गेज घेऊन येतो.

तोवर बाजारातून स्विच घेऊन ठेवा. जुना पार्ट किंवा गाडीचं आरसी घेऊन जा, "अमुक गाडीचा द्या" एवढ्यावर घेऊ नका, एकाच गाडीत दोन-दोन इंजिनं येऊन गेलीत. स्विचचे आटे निमुळते असतात, जसजसं फिरवाल तसतसे स्वतःच आवळतात. हातानं बसेल तेवढा बसवा, मग पान्यानं थोडाच. जोर केला तर अॅल्युमिनियम फाटतं आणि शंभर रुपयांचं काम हजारांत जातं. टेफलॉन टेप गुंडाळू नका. हा स्विच त्याच्या आट्यांतूनच अर्थ घेतो, जास्त टेप गुंडाळली तर दिवा कधीच लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.


शेंगाचटणी

हा धागा वाचून हिंमत आली, माझीपण अडचण मांडतो. मी पुण्याला नोकरीला, गाडी घरी, सोलापुरात बाळीवेशीत. शनिवारी येऊन चालवतो, रविवारी लावतो, आणि गुरुवारी वडिलांनी चावी फिरवली की नुसतं टक्-टक्. सेल्फ फिरतच नाही. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या बे! दुकानदार म्हणतो अल्टरनेटर बदला. काय करू?


वायरिंगवाला

अल्टरनेटरला, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, उगाच दोष देऊ नका, आधी त्याची परीक्षा घ्या. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या, गाडीत यापेक्षा उपयोगी दुसरं हत्यार नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवली तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून बघा, १३.८ ते १४.७ च्या मध्ये आकडा आला तर अल्टरनेटर चार्ज करतोय, त्याला हात लावू नका. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली किंवा टर्मिनल खराब.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. का, तर पॉझिटिव्हवर पाना फिरवताना तो बॉडीला लागला तरी निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळं ठिणगी उडत नाही. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, लावल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा.

एवढं करूनही उतरत असेल तर गाडी झोपेत करंट खातेय. मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल पिन त्या भोकात. चावी बंद, दारं लॉक, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ती वायर व बॅटरीची निगेटिव्ह दांडी यांच्यामध्ये मीटर घाला. मीटर असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंप्युटर सावकाश झोपतात. ५० मिलिअँपिअर किंवा कमी आलं तर ठीक. जास्त आलं तर एक-एक फ्यूज काढत जा आणि कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा.


शेंगाचटणी

दादा, सापडलं! सगळं सविस्तर सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

उभ्या गाडीची बॅटरी ११.९, चालू इंजिनला १४.२. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. चार्जिंग करून आणली, मग मीटर लावला. अर्ध्या तासानंतरही ०.४१ अँपिअर. हिशोब केला, दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. म्हणजे चौथ्या दिवशी काहीच शिल्लक राहत नाही. बरोबर गुरुवार!

आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला. पण आतला दिवा तर बंद दिसत होता. वडील म्हणाले डिकीत पण एक दिवा आहे की. मग मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून मोबाईल डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटभरानं उघडली. व्हिडिओत डिकी बंद झाल्यावरही सगळा उजेड! डिकीच्या कुलुपातला स्विच गंजून अडकलेला. पाच वॅटचा बल्ब, गेली दोन वर्षं रात्रंदिवस जळलालाय.


गिरणीवाला

शाब्बास. मोबाईल आत ठेवायची युक्ती मला सुचली नसती. आता पुढचा प्रश्न विचार. कुलूप गंजलं कशानं? सोलापुरात पाऊस तो केवढा, आणि डिकीच्या आतलं कुलूप. पाणी आलं कुठून?


शेंगाचटणी

काका, डिकीतलं कार्पेट उचललं. स्टेपनीच्या खळग्यात बोटभर पाणी आणि माती! बादलीनं मागच्या काचेवर पाणी ओतलं आणि डिकीत टॉर्च घेऊन बसलो. उजव्या टेललाइटच्या मागचं पॅकिंग वाळून चिरलंय, तिथून धार येते. मागे एकदा टेललाइट बदलली होती, तेव्हा जुनंच पॅकिंग लावलेलं असणार. म्हणजे दोन बॅटऱ्या एका स्पंजच्या पट्टीपायी गेल्या.


गिरणीवाला

गिरणीत मोटरी जळायच्या तेव्हा आम्ही आधी वर बघायचो, कुठल्या शाफ्टचं तेल तिच्यावर ठिबकतंय ते. नवी मोटर लावली आणि ठिबक तशीच ठेवली तर ती महिनाभरात जायची. गाडीत तेच आहे. ताईंच्या गाडीत तेल वायरीत गेलं, तुझ्या गाडीत पाणी कुलुपात. स्पार्क प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खाचेत) टॅपेट कव्हरचं तेल उतरलं की प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचं रबर फुगतं आणि इंजिन धक्के मारतं, मग लोक कॉइल बदलत बसतात. इलेक्ट्रिकचा पार्ट मेला की तो ओला होता का, हे आधी विचारायचं. ओला असेल तर ओल कुठून आली ते बंद केल्याशिवाय नवा पार्ट लावायचा नाही. स्पंजची पट्टी बदल, खळग्याच्या बुडाला रबरी बूच असतं ते काढून पाणी जाऊ दे, मगच कुलूप बदल.


पंढरीचीवाट

माझाही ओल्याचाच प्रश्न. डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट भर मे महिन्यात चिंब असतं. पाऊस नाही, काही नाही. हिटर कॉइल (डॅशबोर्डमागची, गरम कूलंट फिरणारी जाळी) फुटली म्हणून संपूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा सल्ला मिळालाय.


गिरणीवाला

ते पाणी बोटावर घेऊन चोळा आणि वास घ्या. चिकट, गोडसर, आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल तर हिटर कॉइल. साधं थंडगार पाणी असेल तर एसीचं. एसीच्या कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर टाकायला एक रबरी नळी बाहेर काढलेली असते, ती धुळीनं नाहीतर कुंभारमाशीच्या घरानं बुजते. मग पाणी आत सांडतं. बाहेरून ती नळी शोधा आणि पातळ प्लॅस्टिकची पट्टी हळू आत घाला, तार नको, नळी फाटेल. गाडी कडुलिंबाखाली लावता का? मग वायपरच्या खालची जाळीही उघडून बघा, तिथं पानं साठून पावसाळ्यात हाच खेळ पुन्हा होतो. आणि कार्पेट उचलून पूर्ण वाळवा. काही गाड्यांत इंजिनचा कंप्युटर त्याच बाजूला डॅशबोर्डखाली असतो.


पंढरीचीवाट

नळीच होती. पट्टी घातल्याबरोबर लिटरभर गढूळ पाणी बदाबदा बाहेर आलं. डॅशबोर्ड वाचला. मनापासून धन्यवाद काका.


उजनीकाठ

रेडिएटरबद्दल विचारायचं होतं. मागच्या एप्रिलमध्ये टेंभुर्णीच्या अलीकडे वाफ निघाली. ढाब्यावरच्या एका ट्रक ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली आणि गाडी खरोखर घरी आली. पण आता चढाला तापमानाचा काटा वर जातो. हळदीचा संबंध असेल का?


गिरणीवाला

असेलच. हळद बारीक भोकात जाऊन फुगते आणि बुजवते हे खरं आहे, रानात अडकला असाल तर त्या माणसानं तुमच्यावर उपकारच केले. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. रेडिएटरच्या नळ्या आधीच बारीक, त्यातल्या निम्म्या आता बुजल्या असतील. घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात रेडिएटर उतरवून साफ करायचा असतो आणि भोक पक्कं बुजवायचं असतं.

आपल्याकडं दुसरा शत्रू म्हणजे बोअरचं पाणी. सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून ड्रममधलं बोअरचं रेडिएटरला ओततात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या आत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिसळलेलं घ्या.

वॉटर पंपाच्या अंगाला एक छोटं भोक असतं. त्यातून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय असं तो पंप स्वतःच सांगतोय. ते भोक बुजवणारे मी पाहिलेत, तसं करू नका. आणि कुठंच गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर रेडिएटरचं टोपण बदलून बघा. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ते धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या वर उकळतं. टोपणाचं रबर मेलं की दाब नाही, मग ४३ अंशांच्या दुपारी सिग्नलला उभं राहिलं की उकळी. इंजिन गरम असताना टोपण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. हात भाजलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत.


वायरिंगवाला

गॅरेजवाल्यांच्या बाजूनं थोडं लिहितो. घरी करा, जरूर करा. पण अर्धवट उघडून आणलेली गाडी आमचा दुप्पट वेळ खाते. उघडायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक कनेक्टरला कागदी पट्टी चिकटवा, आणि काय काय केलं ते आम्हाला खरं सांगा. फ्यूज गेला तर त्याच अँपिअरचा लावा. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. निळ्याच्या जागी हिरवा तीसचा लावला की वायर फ्यूजचं काम करते, म्हणजे वायर जळते. आणि वायर जोडताना नुसती काळी टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळून वाहतो, चार महिन्यांत जोड उघडा पडतो. पक्का क्रिंप करा (धातूची टोपी दाबून जोड आवळा) आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. उसाच्या पट्ट्यात गाडी लावणाऱ्यांनी महिन्यातून एकदा बॉनेटखाली उंदरांची लेंडी आहे का तेही बघावं.


अक्कलकोटरोड

मंगळवारी संध्याकाळी दादा गेज घेऊन आले. जुना स्विच मी स्वतः काढला, ते शेजारी उभे राहिले. इंजिन गरम होईपर्यंत माझे डोळे काट्यावरच होते. आयडलिंगला एक बारच्या थोडा वर, तीन हजारला साडेतीन. पंप ठणठणीत. मला तिथेच रडू आलं, खरं सांगते. ते वीस हजार मी लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवले होते.

नवा स्विच २८० रुपयांचा. बसवला, कनेक्टर क्लीनरने साफ केला, तेल चढलेला वायरीचा वीतभर तुकडा कापून दादांनी सांगितलं तसा नवा जोडला. दादांनी पैसे घेतले नाहीत, शेंगदाण्याची पोळी खाऊन गेले.

आज नववा दिवस. दिवा रोज चावीला लागतो आणि इंजिनला विझतो. पुठ्ठा जवळजवळ कोरडा आहे. जवळजवळ म्हणते, कारण आज सकाळी एकच थेंब दिसला, यावेळी मधोमध, तेल काढायच्या बोल्टच्या खाली. परवाच ऑइल बदललं होतं.


गिरणीवाला

बोल्टखालचा वायसर जुनाच उलटा करून लावला असेल. बोल्ट जास्त आवळू नका, आटे जातील. तेल एका स्वच्छ भांड्यात काढा, नवा वायसर टाका, बसण्याची जागा कापडानं पुसून बोल्ट लावा आणि तेच तेल परत भरा. गाडीखाली जायचं असेल तर घोडी लावूनच.


अक्कलकोटरोड

वायसर बारा रुपयांना मिळाला. काम रविवारी सकाळी, घोडी शेजारच्यांकडून आणलीय. झालं की पुठ्ठ्याचा फोटो टाकते.